मिठाच्या चांदण्या मऊ का पडतात, कागदी तारा का फाटतो : नाताळच्या घरगुती सजावटीतल्या दरवर्षीच्या अडचणी

डिसेंबर लागला की वऱ्हाडातल्या ज्या गावांत नाताळ साजरा होतो, तिथे ओसऱ्यांवर मैदा मळला जातो, बांबूच्या कमच्या तासल्या जातात, पोरं पतंगाचा कागद कापायला बसतात. तयार सजावट परतवाड्याहून किंवा अमरावतीहून आणता येते, पण संडे स्कूलच्या लेकरांच्या हातची चांदणी झाडाला लागली की तिचं मोल वेगळंच. आणि दरवर्षी महिना अर्धा उलटला की तीच तक्रार सुरू होते. मीठ-मैद्याच्या गोळ्यातून केलेल्या चांदण्या, घंटा, देवदूत उन्हात खणखणीत वाळवले होते, रंगवले, दोरा ओवून ओसरीतल्या झाडाला टांगले, आणि तीन-चार रात्रींत मऊ पडले. दोऱ्याचं भोक लांबट होतं, चांदणीचं टोक खाली लोंबतं, रंग बोटाला लागतो. शेजारच्या काकूंच्या प्रश्नात सगळं आलं: "वाळवलेलं तं होतं, मंग काऊन मऊ पडलं?"

वाळवलेलं होतं हे खरं आहे. ते पुन्हा ओलं झालं. दिवसा वाळायचं आणि रात्री पाणी प्यायचं, असा फेरा रोज चालू असतो. मीठ-मैद्याच्या वस्तूंचं मऊ पडणं, कागदी ताऱ्याचं फाटणं, संत्र्याच्या सालीवरची बुरशी, बहुतेक सगळ्याच्या मुळाशी हा फेरा आहे. तो लक्षात घेतला नाही तर कितीही वेळा नव्याने करा, नाताळच्या आदल्या रात्री तेच होणार.

मीठ रात्री काय करतं

साधं मीठ हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेल तोवर कोरडं राहतं. त्याच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढतं आणि त्यातच विरघळायला लागतं. आपल्याकडे डिसेंबरात दुपारी पारा २८-२९ अंशांपर्यंत असतो, हवा कोरडी असते, ओठ फुटतात. रात्री तोच पारा १०-१२ अंशांवर उतरतो. हवेतलं पाणी तेवढंच असतं, पण थंड हवेत ते मावत नाही, म्हणून आर्द्रता चढत जाते. पहाटे तुरीच्या पानांवर दव दिसतं ते त्यामुळेच. ज्या रात्री तुरीवर दव पडलं, त्या रात्री उघड्या ओसरीतल्या चांदणीनेही पाणी ओढलं असं धरून चाला. घराला लागून ओलिताचा गहू-हरभरा किंवा संत्र्याची बाग असेल तर आणखीच.

मीठ-पिठाच्या सजावटीची ही रीत जर्मनीकडे फार रुळलेली. तिथे बाहेर बर्फ असला तरी वस्तू टांगतात त्या घरात, आणि थंडीत तापवलेल्या खोलीतली हवा चांगलीच कोरडी असते. ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजून काढलेली चांदणी अशा खोलीत वर्षानुवर्षं टिकते. आपल्याकडे बहुतेक घरांत ओव्हन नाही, खोली तापवलेली नाही, आणि झाड उभं राहतं ते ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. म्हणून कृती तिकडची आणि टांगायची जागा इकडची, हे जुळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मीठ-मैद्याच्या वस्तू घराच्या आतल्या झाडासाठी ठेवा. ओसरीसाठी, चर्चच्या दारासाठी सोड्याची माती वापरा; ती कृती पुढे दिली आहे. तरीही मीठ-मैदाच वापरायचा असेल, कारण तो स्वस्त आणि लेकरांच्या हाताला सोपा, तर पुढच्या गोष्टी सांभाळाव्याच लागतील.

मीठ कोणतं, किती, कसं

खडे मीठ नको. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश राहिलेला असतो, आणि ते आर्द्रता ३३ टक्के असली तरी पाणी ओढतं. म्हणजे आपल्या कोरड्या दुपारीसुद्धा. पिशवीतलं बारीक, सुटं राहणारं मीठ घ्या.

प्रमाण दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका. पुरीच्या कणकेइतका घट्ट गोळा झाला की थांबा. मैद्याऐवजी घरची कणीक चालते, पण कोंड्यामुळे रंग तपकिरी येतो आणि कडा भुरभुरतात.

"मीठ आधी गरम पाण्यात विरघळवून घ्या" असं बऱ्याच जणी सांगतात. त्याने काम होत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, आणि पाणी उकळलं तरी हा आकडा फारसा वाढत नाही. पाऊण वाटी पाण्यात वाटीभर मीठ विरघळणारच नाही. दाणे राहतात, आणि वाळताना दाण्यापाशीच चीर पडते. त्यापेक्षा मीठ मिक्सरमधून किंवा पाट्यावर पिठासारखं बारीक करून मैद्यात कोरडंच मिसळा. मग आठ-दहा मिनिटं रगडून मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा. लगेच लाटलं तर कापलेली चांदणी आखडते आणि टोकं बोथट होतात.

मीठ कमी करू नका. रंग चांगला बसेल या आशेने अर्धी वाटीच मीठ घातलेल्या गोळ्यावर काळे-हिरवे ठिपके येतात, कारण बुरशीला रोखणारं त्यात तेवढं एकच काही असतं.

वाळवण : इथेच खरी मेख आहे

जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. त्याहून जाड घंटा बाहेरून वाळते आणि आत ओली राहते. मग बाहेरचा भाग आखडतो, आतला आखडत नाही, आणि मधोमध भेग जाते. जाडच हवी असेल तर आतून चमच्याने पोकळ करा.

दोऱ्याचं भोक ओलं असतानाच रिकाम्या रिफिलने पाडा, काठापासून निदान एक सेंटिमीटर आत. वाळल्यावर दाभणाने भोक पाडायला गेलं की चांदणी तडकते.

उन्हात ठेवायची वेळ ठरलेली आहे: सकाळी दहा ते दुपारी चार-साडेचार. दव उडायच्या आधी गच्चीवर नेऊ नका आणि सूर्य कलला की आत आणा. रात्रभर गच्चीवर राहिलेल्या चांदण्यांनी दिवसभरात जे पाणी सोडलं ते पहाटेपर्यंत परत घेतलेलं असतं, म्हणून "चार दिवस झाले, वाळतच नाही" असं वाटतं. आत आणून कशात ठेवता तेही महत्त्वाचं. नुसतं टोपलं झाकून भागत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, वस्तू थंड होऊ द्या आणि मग झाकण लावा. गरम असताना लावलं तर आतल्या वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि परत खाली टपकतं.

परातीत ठेवलेल्या चांदण्या वाकतात, टोकं वर येतात. वरची बाजू वाळून आखडते, परातीला चिकटलेली खालची बाजू ओलीच असते, म्हणून ती वर ओढली जाते. पापड-कुरडया वाळवायची खाट काढा, तिच्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून बांधा, त्यावर चांदण्या मांडा. खालूनही वारा लागतो. पहिल्या दिवशी तासा-दीड तासाने उलटत राहा; दुसऱ्या दिवशी दोन-तीनदा उलटल्या तरी पुरे. पहिला दिवस कडक उन्हापेक्षा सावलीतल्या वाऱ्यात गेला तर भेगा जवळजवळ पडत नाहीत. टिनाच्या छपरावर थेट ठेवणं टाळा. टीन इतकं तापतं की खालच्या बाजूला फुगे येतात.

वाळली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. चांदणी सावलीत तासभर राहू द्या, मग गालाला लावा. आत ओल असेल तर ती हवेपेक्षा गार लागते, कारण पाणी अजून उडतंय. पूर्ण वाळलेली गार लागत नाही. दुसरी खूण आवाजाची: दोन चांदण्या एकमेकींवर हलकेच आपटल्या तर मातीच्या दिव्यांसारखा टणक आवाज यायला हवा. धप्प वाजली तर अजून एक दिवस. बोटभर आकाराच्या वस्तूला चांगल्या उन्हाचे तीन-चार दिवस लागतात. २५ तारखेसाठी १० तारखेच्या आत सुरुवात करा.

चुलीच्या निखाऱ्यांवर घाई करू नका. आतलं पाणी वाफ होऊन वस्तू फुगते, पापुद्रा सुटतो.

वरचा थर : लावला तरी मऊ का पडते

बऱ्याच जणांनी व्हार्निश लावलेलं असतं आणि तरी चांदणी मऊ पडते. त्याची तीन कारणं वारंवार दिसतात. एक, आत ओल असतानाच लावलं. ती ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि थर पापडासारखा सुटतो. दोन, फक्त रंगवलेल्या बाजूला लावलं, पाठ उघडी राहिली. तीन, दोऱ्याच्या भोकाच्या आत लागलंच नाही, आणि चांदणी तिथूनच पाणी पिऊ लागते. म्हणून भोकच आधी लांबट होतं. ब्रशाचे केस भोकातून आरपार फिरवा.

पाणी मिसळून पातळ केलेलं फेविकॉल वरून लावायची पद्धत आहे, पण इथे ती नको. त्यातल्या पाण्याने वरचं मीठ विरघळतं आणि वाळताना पांढरं होऊन वर येतं, भिंतीला लोणा लागतो तसं. शिवाय तो थर पाणी पूर्ण अडवत नाही. लाकडाला लावायचं पारदर्शक व्हार्निश घ्या. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करून द्या म्हणजे ते आत मुरेल, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात घट्ट. छोट्या वस्तूंना पारदर्शक नेलपॉलिश चालतं.

आणखी एक उपाय आहे, तो गावात अगदी हाताशी असतो: चर्चमध्ये उरलेली मेणबत्त्यांची थोटकं. जुन्या डब्यात ती घाला, डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवा, थेट जाळावर नको. चांदणी दोऱ्याला धरून एकदा बुडवा आणि लगेच काढा. मेण पाण्याला चांगलं अडवतं. झळाळी येत नाही, थोडी धुरकट दिसते, पण मला तरी ते रूप आवडतं. हे काम मोठ्यांनीच करायचं.

टांगायला लोखंडी तार वापरू नका. मीठ आणि ओल मिळाली की दोन दिवसांत गंज उतरतो आणि भोकाभोवती तपकिरी डाग पसरतो. सुती दोरा किंवा वायरीतली तांब्याची तार घ्या.

रंग

पोस्टर कलर लावताना ब्रश जेमतेम ओला असू द्या. पाणीदार रंगाने मीठ सुटतं. पिठातच रंग मळला तर ही भानगडच उरत नाही. गेरू उत्तम, तो उन्हाने उडत नाही. हळदीचा पिवळा सुरेख दिसतो, पण उन्हात आठवड्याभरात फिका पडतो, म्हणून हळदीच्या चांदण्या सावलीत वाळवा. आणि खालच्या सोड्याच्या मातीत हळद घालाल तर पिवळ्याऐवजी लालसर रंग येईल. हळदीत चुना मिसळला की लाल होते, तेच इथे सोड्याने होतं. काही बिघडलं असं समजून फेकू नका. त्याच रंगाच्या घंटा करा.

ओसरीसाठी सोड्याची माती

दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी. पातेल्यात गार असतानाच गुठळ्या मोडून घ्या, मंद आचेवर सतत हलवा. आधी ते ताकासारखं पातळच राहतं आणि आपल्याला वाटतं काही होत नाही. मग अचानक तळाशी घट्ट व्हायला लागतं. कुस्करलेल्या बटाट्यासारखं झालं की उतरवा, ताटात काढून ओल्या फडक्याने झाका, कोमट झाल्यावर मळा. जास्त शिजवलं तर कोरडं होऊन भेगाळतं. कमी शिजवलं तर हाताला चिकटतं.

ही माती दुधासारखी पांढरी होते, चिकणी असते, आणि सोडा मिठासारखं पाणी ओढत नाही. दवाच्या रात्री ती टिकते. थेट पाणी पडलं तर मात्र तीही मऊ होईल, म्हणून व्हार्निशचा एक हात द्याच. सोडा किराणा दुकानात छोट्या पुड्यांत महाग पडतो. तालुक्याच्या ठोक दुकानातून किलोने आणा.

कागदी तारा

कागदी ताऱ्याची परंपरा मोठी आहे. १८३० च्या दशकात जर्मनीतल्या निस्की गावी मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळींच्या शाळेत भूमिती शिकवताना अनेक टोकांचा तारा करायला लावला, तिथून तो घराघरांत गेला. आपला तारा त्याचा साधा भाऊ: कमच्यांचे दोन पंचकोनी तारे, मध्ये टेकू, वर कागद, आत दिवा. तक्रार अशी की सकाळी कागद सैल लोंबतो आणि दुपारी टर्रकन फाटतो, बहुतेक वेळा खळीच्या रेषेलगत.

कागद ओल धरून वाढतो आणि वाळला की आखडतो. तुम्ही सकाळी दमट हवेत कागद ताणून डकवलात, तर तो वाढलेल्या अवस्थेत डकवला. दुपारी त्याला आखडायचं असतं आणि कमची सोडत नाही; मग फाटतो. म्हणून डकवायचं काम भर दुपारी करा, एक ते चारच्या दरम्यान, कागद उन्हात पाच मिनिटं शेकून. त्या वेळी तो सगळ्यात आखडलेला असतो. त्यानंतर तो रात्री सैल होईल, पण दिवसा डकवताना होता त्याहून जास्त कधी ताणणार नाही. एवढ्या एका बदलाने निम्मे तारे वाचतात. पतंगाचा कागद या दिवसांत सगळीकडे मिळतो, संक्रांतीचा माल आलेला असतो.

खळ मैद्याची, दाट शिजवलेली. पातळ खळीने कागद भिजतो. खळीवर बुरशी येते, आणि उंदीर, झुरळं ती चाटतात, त्यात कागद कुरतडला जातो. पुस्तकबांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात ते याचसाठी. वरूड-मोर्शी-काटोलकडे संत्र्याच्या खोडाला बोर्डो मलम लावणाऱ्यांच्या घरी मोरचूद असतंच. वाटीभर खळीला चिमटीत मावेल तेवढीच पूड पुरते. ते विष आहे, खळ ढवळायची काडीसुद्धा वेगळी ठेवा, आणि लेकरं डकवायला बसणार असतील तर मोरचूद घालूच नका.

सांगाडा ढिला होण्याचं कारण हिरवा बांबू. ताज्या बांबूच्या कमच्या बांधल्या की पंधरा दिवसांत वाळून बारीक होतात आणि गाठी सुटतात. बुरडाकडून वाळलेला बांबू मागा. गाठीला सुतळीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी ताणून गुंडाळा. कमची आखडली तरी रबर धरून ठेवतं. बांबू नसेल तर सरपणातली गेल्या वर्षीची तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, घ्या, ती सरळ आणि हलकी असते. हातात घेऊन झटका. पिवळी भुकटी पडली तर घुण लागलाय, ती जाळात जाऊ द्या.

तारा अंगणात उघड्यावर टांगायचा असेल तर कागदाला जवसाचं तेल लावा. आपल्या भागात जवस पिकतं, घाण्याचं तेल मिळतं. सगळं डकवून वाळल्यावर, फडक्याने दोन पातळ हात, मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर. हे तेल हवेत वाळून घट्ट होतं, कागद पारदर्शक होतो आणि दव त्यावरून निथळतं. दिवा लावला की उजेड असा पसरतो की रस्त्यावरून पाहणाऱ्याचे पाय थांबतात. डकवण्याआधी तेल लावलं तर खळ धरणार नाही. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ते अंगणात दोरीवर पसरून वाळवा.

आतला दिवा एलईडीच हवा, ५ ते ९ वॅटचा. जुना पिवळा बल्ब तापतो, कागद आधी करपतो, आणि तेल लावलेला असेल तर धोका आणखी मोठा. पणती, मेणबत्ती अजिबात नाही. होल्डरचं तोंड खाली असू द्या, आणि वायर होल्डरकडे चढण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं दव झोलाच्या टोकाला टपकतं, होल्डरमध्ये शिरत नाही. रात्री तारा लावताना झटका बसतो अशी तक्रार असेल तर आधी हेच पाहा, आणि जोडाला इन्सुलेशन टेप नीट आहे का ते.

संत्र्याच्या चकत्या सुटतात

युरोपात संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या झाडाला टांगतात. आपल्या संत्र्याच्या भागात ते करून पाहणारे खूप, आणि सगळ्यांची तक्रार एकच: चकती कापली की फोडी सुटून पडतात. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, सोलायला सोपं. तोच त्याचा गुण इथे आड येतो. तिकडे वापरतात ते घट्ट सालीचं. चकत्यांसाठी मोसंबी घ्या, अर्धा सेंटिमीटर जाड कापा, फडक्याने रस टिपा आणि जाळीवर वाळवा.

संत्र्याची साल मात्र सोन्यासारखी आहे. मोठे तुकडे सोलून ताजे असतानाच चांदण्या कापा, सुईने भोक पाडा, दोन फडक्यांमध्ये ठेवून वर पाटा ठेवा, एक रात्र. मग उन्हात. पाटा नाही ठेवला तर साल गुंडाळते. आतल्या पांढऱ्या भागात ओल राहिली तर तिथेच बुरशी धरते. मोडल्यावर कट्‌ आवाज आला पाहिजे.

कापसाचा बर्फ

कापूस घरचाच, त्यामुळे झाडावर बर्फ म्हणून तो लावायचा मोह होतो. दिव्यांच्या माळेपासून तो लांब ठेवा, कापूस क्षणात पेटतो. फुटलेली बोंडं देठासकट टांगली तर फार देखणी दिसतात. पण ती पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. गुलाबी बोंडअळी अशाच राहिलेल्या बोंडांत आणि सरकीत सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते; पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) ढीग शेताच्या बांधावर ठेवू नका असं कृषी खातं सांगतं ते त्यामुळेच. नाताळ झाला की बोंडं चुलीत.

वाळक्या फांदीला चुना देऊन झाड करता तेव्हा चुना झडतो, खाली भुकटी पडते. चुन्यात बाभळीचा डिंक भिजवून घाला. चिप्सच्या पाकिटांची चंदेरी बाजू कापून फुलं करायची तर आधी साबणाने तेलकटपणा काढा, आणि फेविकॉलने चिकटवू नका. दोन्हीकडे प्लास्टिक असल्याने त्यातलं पाणी उडायला जागाच नाही, ते वाळतच नाही. सुई-दोऱ्याने टाचा किंवा स्टेपलर मारा.

जनावरं, आणि नंतरची साठवण

मीठ-मैद्याची चांदणी कुत्र्याने खाल्ली तर मिठाची विषबाधा होऊन जीव जाऊ शकतो. शेळ्या-वासरं मिठासाठी चाटायला येतात, तारेसकट गिळतात. झाडाच्या खालच्या फांद्यांवर या वस्तू लावू नका आणि खराब झालेल्या उकिरड्यावर टाकू नका. बागेत, कुंडीतही नको, मिठाने मुळं जळतात.

सहा जानेवारीनंतर सजावट उतरवाल तेव्हा ती दुपारी उतरवा, उन्हात दोन तास शेका, थंड करा, प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात वेगळी गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका, लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशा. मेणात बुडवलेल्या चांदण्या टिनाखालच्या माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात तिथे मेण वितळून सगळ्यांचा एक गोळा होतो. त्यांचा डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीलगत पण फळीवर. पावसाळाभर झाकण उघडू नका. दसरा झाल्यावर एखाद्या कोरड्या दुपारी उघडा, गालाला लावून पाहा, आणि जिथे व्हार्निशचे टवके उडाले असतील तिथला थर खरवडून, दोन दिवस ऊन दाखवून, नवा हात द्या.